परदेशस्थ पुणेकर आणि पुण्याचे प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील नद्या, टेकड्या, वस्त्यांचे हक्क आणि महापालिकेचा कारभार या विषयांवर आम्ही काही स्वयंसेवक बरीच वर्षे काम करीत आहोत. परदेशात स्थायिक झालेले नातेवाईक, शाळासोबती आणि कधी अगदी अनोळखी पुणेकरही आम्हाला लिहितात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की आम्ही इतक्या लांबून काय करू शकतो. त्या पत्रव्यवहारातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कायद्याच्या बाबतीत ही उत्तरे दिशा दाखवण्यापुरती आहेत. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी जाणकार वकिलाला विचारावे.

जो इथे राहत नाही, त्याने इथल्या कारभाराबद्दल बोलावेच का?

हा आक्षेप आम्ही हलक्याने घेत नाही, कारण निर्णयाचे परिणाम ज्याला भोगायचे नाहीत त्याने निर्णय सुचवणे केव्हाही सोपे असते. तरीही ज्याचे आईवडील सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत राहतात आणि २५ जुलै २०२४ च्या पहाटे एकता नगरीत पाणी शिरल्याची बातमी ज्याने दूरदेशी जीव मुठीत धरून वाचली, त्याला या शहराशी संबंध नाही असे कोण म्हणेल? आमच्या मते बोलण्याचा अधिकार त्याला जरूर आहे, मात्र काय मागायचे हे ठरवण्याचा अधिकार इथे राहणाऱ्याचा आहे. मागणी इथल्या माणसाने ठरवावी आणि परदेशस्थाने तिच्या मागे आपला वेळ, अभ्यास, ओळखी आणि कायद्यात बसेल तेवढा पैसा उभा करावा, या एका धोरणावर पुढची सर्व उत्तरे आधारलेली आहेत.

परदेशात जाऊन घरचे गाऱ्हाणे सांगणे म्हणजे देशाची बदनामी नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर पुण्याने शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. हिंदुस्थानच्या कारभाराचा खर्च तपासणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये इंग्लंडला गेले होते. चिरोल या इंग्रज पत्रकारावरील खटल्यासाठी १९१८ मध्ये लंडनला गेलेल्या लोकमान्य टिळकांनी तो खटला हरल्यानंतरही तेथे स्वराज्याचा प्रचार चालू ठेवला आणि १९१९ मध्ये पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे आपली बाजू मांडली. उलट दिशेनेही हे घडले आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीमधील हिंदी मजुरांचे हाल थांबावेत म्हणून करारबद्ध मजुरांची तिकडे होणारी भरती बंद करण्याचा ठराव गोखल्यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडला, आणि १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांपुढे जाणार असल्याचे कळताच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये तेथील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बोइस यांना पत्र लिहून त्याची प्रत मागवली होती.

ती राजवट परकी होती आणि आजचे सरकार आपण निवडलेले आहे, हा फरक खराच आहे, आणि म्हणूनच आज पहिली दाद इथल्याच कार्यालयात, आयोगात आणि न्यायालयात मागावी असे आम्ही सांगतो. पण खरी गोष्ट पुराव्यासह सांगण्याला बदनामी म्हणता येणार नाही.

बातमी खरी आहे हे इतक्या लांबून कसे ओळखावे?

याही बाबतीत आम्हाला गोखल्यांचे उदाहरण आठवते, आणि नव्या स्वयंसेवकाला आम्ही ते आवर्जून सांगतो. १८९७ मध्ये ते इंग्लंडमध्ये असतानाच पुण्यात प्लेगच्या निमित्ताने सोजिरांची घरझडती चालू होती. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांकडून स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्रातून जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे होते आणि नावांशिवाय आरोप सिद्ध होत नव्हता. गोखल्यांनी नावे दिली नाहीत आणि स्वतःच्या नावाने बिनशर्त माफी मागितली. त्यासाठी त्यांनी पुढे बरीच टीका सोसली.

प्लेगच्या झडत्यांमध्ये जुलूम झाला नव्हता असा याचा अर्थ नाही. घडलेली गोष्ट आणि सिद्ध करता येणारी गोष्ट यांत अंतर असते, आणि दूर बसलेल्या माणसाला ते दिसत नाही, एवढाच याचा अर्थ आहे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चित्रफीत पुढे पाठवण्यापूर्वी ती कोणी, कोठे आणि केव्हा टिपली हे विचारावे. आकडा असेल तर त्यामागचा कागद मागावा. आणि ज्याच्याकडून माहिती आली त्याचे नाव त्याला विचारल्याशिवाय कोठेही लिहू नये. आमच्याच एका निवेदनात कधीकाळी तोडल्या जाणाऱ्या झाडांची संख्या चुकीची छापली गेली होती. परदेशातील मित्रांनी त्यावर शेकडो सह्या गोळा केल्या, आणि सुनावणीत संबंधित अधिकाऱ्याने आमच्या उरलेल्या अकरा मुद्द्यांना हात न लावता त्या एका आकड्यावर सगळा वेळ घालवला. तो आकडा तपासायला अर्धा दिवस पुरला असता, याची खंत अजून वाटते.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. माझ्या पत्नीकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड आहे. आम्हा दोघांच्या अधिकारांत फरक आहे का?

मोठा फरक आहे, आणि तो न ओळखल्यामुळे चांगल्या माणसांनी अडचणी ओढवून घेतलेल्या आहेत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआयधारक कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक असतो. त्याला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील भाषण व संघटना स्वातंत्र्य हे मूलभूत हक्क नागरिकांपुरतेच आहेत. १४ व्या (समानता) आणि २१ व्या (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) अनुच्छेदांचे संरक्षण मात्र प्रत्येक व्यक्तीला आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतात संशोधन किंवा पत्रकारिता करायची असल्यास ओसीआयधारकाला विशेष परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे सुट्टीत पुण्यात येऊन एखाद्या वस्तीचे सर्वेक्षण करण्याचा बेत असेल तर आधी ही बाब तपासावी. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ घ खाली कार्ड रद्दही होऊ शकते, मात्र त्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. थोडक्यात, आपल्या घरात अर्ज आपण करावा आणि अभ्यास दोघांनी मिळून करावा.

परदेशातून माहितीचा अधिकार वापरता येतो का?

भारतीय नागरिकाला येतो. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला आणि त्याखालचा देशातील पहिला अर्ज पुण्याच्याच एका पोलीस ठाण्यात दाखल झाला, याचा आम्हाला अभिमान आहे. कायद्याच्या कलम ३ मध्ये ‘नागरिक’ हा शब्द असल्याने ओसीआयधारकाच्या अर्जावर आक्षेप येऊ शकतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी परदेशस्थ नागरिकांना शुल्क भरता यावे म्हणून २०१३ पासून इलेक्ट्रॉनिक पोस्टल ऑर्डरची सोय आहे. राज्य सरकारचेही ऑनलाइन संकेतस्थळ आहे, पण आपल्याला हवे असलेले कार्यालय त्याच्या यादीत आहे की नाही हे प्रथम पाहावे.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ही मर्यादा जाचक वाटली तरी तिच्यामुळे एक चांगली सवय लागते. ‘नदीकाठ प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज कधीच फळत नाही. त्याऐवजी ठरावीक टप्प्यातील कामाचा कार्यादेश, त्याची तारीख, मोजमाप पुस्तकाच्या प्रती आणि अदा केलेल्या बिलांची यादी अशी नेमकी कागदपत्रे मागावीत. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे; न आल्यास किंवा अपुरे आल्यास पहिले अपील पुढील ३० दिवसांत आणि दुसरे अपील ९० दिवसांत करावे लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून व्यक्तिगत माहिती नाकारण्याची वाट रुंद केली आहे, हे लक्षात घेऊन प्रश्न व्यक्तीविषयी न विचारता कामाविषयी, खर्चाविषयी आणि निर्णयाविषयी विचारावेत.

पुण्यातल्या मामाच्या किंवा वहिनीच्या नावाने अर्ज टाकून मोकळे होण्याचा मार्ग अनेकांना सुचतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की अर्ज तयार होतो हे खरे, पण दारावर कोणी आले तर ते त्यांच्या दारावर येते. त्यांना सगळे समजावून सांगितल्याशिवाय असे करू नये.

आमच्यासारख्यांना मतदान करता येते का?

भारतीय नागरिकत्व सोडलेले नसेल तर येते. नमुना ६अ भरून पासपोर्टवरील भारतीय पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते, परंतु मत देण्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावे लागते.

पर्यावरणाच्या प्रश्नात परदेशातून कोणती गोष्ट खरोखर उपयोगी पडते?

मुदतीत पाठवलेली, अभ्यासपूर्ण आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेली हरकत सर्वांत उपयोगी पडते. आपल्या देशात निर्णयापूर्वी लोकांचे म्हणणे मागवण्याच्या जागा अनेक आहेत, पण त्या फार थोडा काळ उघड्या असतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची ३१ जुलै २०२४ ची मसुदा अधिसूचना घ्या. सहा राज्यांतील सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा, त्यातील महाराष्ट्राच्या सुमारे १७,३४० चौरस किलोमीटरचा, हा प्रश्न होता आणि हरकतींसाठी ६० दिवस होते. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत जाहीर सुनावणीसाठी किमान ३० दिवसांची सूचना आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. शहरातील वृक्षतोडीसाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली हरकती मागवल्या जातात, आणि २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या होत्या, म्हणजे पुणेकर हरकत घेण्यात मागे नाही.

परदेशस्थांची खरी गरज भासते ती वाचनाला. मूल्यांकन अहवाल शेकडो पानांचे असतात आणि इथला कार्यकर्ता दिवसभर नोकरी करून रात्री ते वाचतो. आपल्यापैकी कोणी जलविज्ञान शिकलेले असते, कोणी पूररेषांची संगणकीय प्रारूपे तयार करीत असते, कोणी निविदा तपासण्यात मुरलेले असते. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या काठाने सुमारे ४४ किलोमीटरचा नदीकाठ प्रकल्प आखला गेला तेव्हा काठ बांधून काढल्यावर पुराची पातळी किती वाढेल, हा वादाचा मुख्य मुद्दा ठरला. अशा मुद्द्यावर एका जाणत्या अभियंत्याने लिहिलेली चार पाने दहा हजार सह्यांच्या अर्जापेक्षा अधिक जड असतात, कारण एकच मजकूर असलेले अर्ज कार्यालयात एका हरकतीत जमा होतात.

दुसरे काम भाषांतराचे आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ मध्ये दिला. तो २०१२ मध्ये लोकांपुढे आला तोसुद्धा माहिती अधिकाराच्या लढ्यामुळे. ज्या आंबेगाव, जुन्नर, मुळशी, वेल्हे तालुक्यांतील गावांबद्दल असे दस्तऐवज बोलतात, त्या गावांपर्यंत ते सुबोध मराठीत पोहोचले नाहीत, तर तेथे अफवाच पोहोचते. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळून १५१ माणसे गेली. उतारावर राहणाऱ्या माणसाला त्याच्या डोंगराबद्दल काय लिहिले आहे, हे त्याच्या भाषेत कळलेच पाहिजे.

दाद मागण्याची वेळ आल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. तेथेही मुदती काटेकोर असतात. मंजुरीविरुद्धचे अपील ३० दिवसांत करावे लागते आणि सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंतच सवलत मिळते.

पुण्याच्या प्रकल्पात परदेशी कर्ज असेल तर आम्ही त्या देशात काही करू शकतो का?

करू शकता. मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्पासाठी जपान सरकारच्या जायका या विकास-साहाय्य संस्थेने २०१६ मध्ये सुमारे १९ अब्ज येनच्या कर्जाचा करार केला आणि त्यातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारायची ठरली. आम्हाला ही केंद्रे हवीच आहेत. विनाप्रक्रिया मैला नदीत जाणे थांबल्याशिवाय काठ सुशोभित करून काही साधणार नाही. मात्र जायकाची पर्यावरणीय आणि सामाजिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि ती मोडली गेल्यास कर्ज घेणाऱ्या देशातील दोन किंवा अधिक रहिवाशांना आक्षेप नोंदवता येतो. ती तत्त्वे समजून घेऊन इथल्या लोकांना सांगणे हे तोक्योमधल्या पुणेकराचे काम ठरू शकते.

या मार्गाचा जुना धडा नर्मदेचा आहे. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. मेधा पाटकर यांनी १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत साक्ष दिली, जपानने १९९० मध्ये हात आखडता घेतला, बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला आणि १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेत तक्रारी तपासणारे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. धरण मात्र पूर्ण झाले. बाहेरच्या दबावाने सावकाराचे नियम बदलले. नंदुरबारच्या डोंगरातील आदिवासींना जमीन मिळवण्यासाठी पुढची कित्येक वर्षे इथेच झगडावे लागले.

आम्ही पैसे पाठवू शकतो का?

येथे सर्वाधिक चुका होतात. भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने दिलेली देणगी परकीय योगदान मानली जात नाही. संस्थेने फक्त त्याच्या पासपोर्टची प्रत जपून ठेवावी. ओसीआयधारकाची किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र परकीय ठरते आणि ती फक्त परकीय योगदान विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई आहे. त्यामुळे मोठ्या संस्थेला पाठवून वस्तीतल्या छोट्या गटाला पोहोचवण्याची जुनी वाट बंद झाली आहे. उमेदवार, राजकीय पक्ष, लोकप्रतिनिधी, सरकारी नोकर आणि वृत्तपत्रांचे संपादक व स्तंभलेखक यांना परकीय योगदान घेता येत नाही. बंद किंवा रास्ता रोको केल्यामुळेच एखादी संस्था राजकीय ठरते का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ‘इन्साफ’ संस्थेच्या प्रकरणात, राजकीय उद्दिष्ट नसताना लोकहितासाठी असे मार्ग वापरणाऱ्या संस्थांना परकीय मदतीपासून वंचित ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला आहे.

आमच्या गटाचे विषय टेकड्या, नदी आणि झाडे असेच आहेत. ते पुरेसे नाहीत का?

ते महत्त्वाचे आहेत. वेताळ टेकडीसाठी किंवा समाविष्ट गावांतील ९७८ हेक्टरच्या जैवविविधता उद्यान आरक्षणासाठी जे लिहितात, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण परदेशस्थ पुणेकर बहुतेक कोथरूड, औंध, सहकारनगर अशा भागांतून गेलेला असतो, आणि त्याच्या आठवणीतले पुणे म्हणजे टेकडीवरची सकाळ असते. ज्यांच्या विहिरींचे पाणी शहराच्या कचऱ्याने नासले ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे लोक त्या आठवणीत नसतात. घरोघरचा कचरा वेगळा करून शहराचा भार हलका करणाऱ्या बायकाही नसतात; त्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढून २००८ पासून महापालिकेशी करार केला.

कधी दोन बाजू एकमेकींवर आदळतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसे वाहून गेली; ओढा मोकळा करा ही मागणी तेव्हा सर्वांनी केली. जून २०२१ मध्ये भर पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळील वस्तीतील घरे पाडायला यंत्रे आली, तेव्हा मात्र त्या मागणीची किंमत कोण देतो हे दिसले. ओढ्याला जागा हवी आणि त्या जागेवरच्या कुटुंबाला जवळपास पक्के घरही हवे, या दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहिता येतात.

मानवी हक्कांच्या उल्लंघनाची तक्रार परदेशातून कोठे करावी?

राज्य किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे पीडित व्यक्तीच्या वतीने कोणालाही तक्रार करता येते. शुल्क नाही, आणि राष्ट्रीय आयोगाकडे मराठीतही लिहिता येते. घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही, आणि राज्य आयोगाने आधीच हाती घेतलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग शिरत नाही, म्हणून एकाच वेळी दोन्हीकडे अर्ज टाकून पीडिताचे नुकसान करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या सार्वत्रिक आवर्ती आढाव्यात, म्हणजे प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीच्या पाळीपाळीने होणाऱ्या तपासणीत, भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आली होती, आणि त्यासाठी संस्थांना लेखी निवेदने देता येतात. कोणताही मार्ग घेतला तरी पीडिताची, त्याला समजेल अशा भाषेत घेतलेली संमती हवी.

आमच्या बोलण्यामुळे इथल्या कार्यकर्त्याला धोका होऊ शकतो का?

होय. जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून उघड करणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सकाळच्या फेरीच्या वेळी हत्या झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण त्याची अंमलबजावणी सुरू झाली नाही. म्हणून परदेशातून प्रसिद्धीपत्रक काढण्यापूर्वी, छायाचित्र टाकण्यापूर्वी किंवा एखाद्याला ‘लढवय्या’ म्हणून मिरवण्यापूर्वी त्याला दूरध्वनी करा, आणि त्याने ‘आत्ता नको’ म्हटले तर कारण न विचारता थांबा.

आमच्या महाराष्ट्र मंडळाने भूमिका घ्यावी का?

आम्ही आग्रह धरत नाही. गणेशोत्सवासाठी एकत्र आलेल्या मंडळात सर्व मतांची माणसे असतात, आणि त्या देशांतील धर्मादाय संस्थांवर राजकीय कामाबाबत बंधनेही असतात. वेगळा छोटा गट करणे बरे.

आम्ही राहतो तिथल्या प्रश्नांचे काय?

तेही आपलेच आहेत. सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियातील तसे विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी परत पाठवले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आहे. जात समुद्र ओलांडून आपल्याबरोबर गेली असेल, तर पुण्यातील वस्तीच्या हक्कांबद्दल लिहिणाऱ्याला आपल्या कार्यालयातल्या दलित सहकाऱ्याच्या तक्रारीकडे पाठ फिरवता येणार नाही.

सुरुवात कोठून करावी?

एक विषय आणि पुण्यातला एक गट निवडा. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची पद्धत २००६-०७ पासून आहे. आपल्या आईवडिलांच्या भागात गेल्या वर्षी कोणती कामे सुचवली गेली आणि त्यांतली किती झाली, एवढे शोधून काढणे ही पहिल्या महिन्याची चांगली उजळणी होईल. त्या गटाशी आठवड्यातून एकदा बोला, पण वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. आमच्या बैठका साधारणपणे रविवारी सकाळी साडेनऊला असतात, आणि कॅलिफोर्नियात तेव्हा शनिवारची रात्र असते.